गोव्यात दोन मुलांच्या गणवेशाला ११ हजार लागतात का? खर्च कमी कसा करता येईल?

तुम्ही सावंतवाडीहून बदली होऊन म्हापशाला आलात. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत, दोघंही अनुदानित शाळेत. फी नावापुरतीच, पण गणवेशाची पावती ११ हजारांची आणि दुकानही शाळेनेच ठरवून दिलेलं. ही लूट आहे की इथे असंच चालतं, असं तुमचं विचारणं आहे. मी डिचोलीत शिवणकाम करते, हंगामात शाळांचे गणवेशच शिवत असते आणि माझी मुलगी आठवीत आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

११ हजार जास्तच झाले. तरी दुकानदार लबाड आहे असं मी लगेच म्हणणार नाही. गणवेशात कापडाचा खर्च असतो त्यापेक्षा जास्त तो डिझाइनमध्ये असतो. मुलीच्या स्कर्टचा चेक्स नीट बघा. निळ्यावर करडी चौकट, त्यात एक बारीक लाल रेघ. ती लाल रेघ फक्त तुमच्या शाळेची. असं कापड कुठल्याही दुकानात ठाणातून कापून मिळत नाही, गिरणीकडून खास विणून घ्यावं लागतं आणि गिरणी थोडंथोडकं विणून देत नाही. तीन-चारशे मुलांची शाळा असली तरी दुकानदाराला दोन-तीन वर्षांचा माल एकदम उचलावा लागतो. वर २२ पासून ४० पर्यंत सगळे साइझ भरून ठेवायचे, आणि मध्येच नव्या मुख्याध्यापकांना रंग बदलावासा वाटला की उरलेला माल पडून. ही सगळी जोखीम तो तुमच्या पावतीत घालतो. समोर दुसरं दुकान नाही, म्हणून जरा जास्तच घालतो, हेही खरं.

साधा गडद निळा किंवा खाकी टेरीकॉट असता तर तुम्ही शुक्रवारच्या बाजारात फिरून भाव केला असता. पांढऱ्या शर्टाचंही तसंच. खिशावर शाळेचा बिल्ला भरलेला असला की तोच शर्ट महाग होतो. कॉम्प्युटरवर भरतकाम करणारे टाक्यांच्या हिशेबाने पैसे घेतात आणि घाऊक कामात एवढासा बिल्ला फार स्वस्तात पडतो. तो सुटा विकला तर कुठल्याही पांढऱ्या शर्टावर घरी टाचता येईल. काही शाळा देतात, बऱ्याच देत नाहीत.

दुसरा खर्च पावसाचा, आणि त्याला शाळाही काही करू शकत नाही. सावंतवाडीचा पाऊस तुम्ही बघितलाच आहे, इथे त्याहून वेगळं काही नाही. जून-जुलैत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो, पांढऱ्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. दोन जोडांवर पावसाळा निघत नाही, तिसरा लागतोच. पण तिन्ही नवे कशाला? तिसरा जोड वरच्या वर्गातल्या मुलाचा आणा. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा विचारून बघा, स्कर्ट कपाटात पडून असलेल्या दहा आया निघतात. कुणी तरी आधी विचारायची वाट बघत असतात, इतकंच. आमच्या लहानपणी थोरल्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला यायचाच, त्यात कुणाला काही वाटत नसे. आता का वाटतं कोण जाणे.

कापड सुती घेऊ नका, पावसात वाळणार नाही. पॉलिएस्टर जास्त असलेलं लवकर वाळतं, इस्त्रीही कमी लागते. एप्रिलच्या उकाड्यात मात्र तेच अंगाला चिकटतं. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, त्यामुळे मुलीचा गणवेश तुम्हाला मार्चअखेर तयार हवा, मुलाचा जूनला चालेल. (या उकाड्यात टाय कुणाच्या डोक्यातून आला ते मला अजून कळलेलं नाही.)

आता मुख्य गोष्ट, माया, म्हणजे पुढे सोडता यावं म्हणून शिवणीत आणि दुमडीत राखलेलं जादा कापड. तयार गणवेशात शिलाईच्या आत जेमतेम अर्धा इंच कापड असतं आणि खालची दुमड दीड इंचाची. मूल वाढलं की संपलं. शाळेच्या दुकानातून कापड सुटं मिळत असेल तर ते घ्या आणि शिंप्याकडे शिवून घ्या. स्कर्टला खाली चार इंच दुमड, कमरेला दोन्ही बाजूंना इंच-इंच माया, पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच, एवढं स्पष्ट सांगून ठेवा. सांगितलं नाही तर आम्ही हंगामात कापड वाचवायच्या नादात कापून टाकतो. पुढच्या वर्षी दुमड सोडली की तिथे जुन्या घडीची फिकी रेघ दिसते, मुली तिला फार लाजतात. त्या रेघेवर आतून एक बारीक टीप मारून चुणीसारखी उचलली की ती झाकली जाते, लांबीतला पाव इंच जातो एवढंच. मी माझ्या मुलीचा एकेक स्कर्ट दोन वर्षं ओढते. शर्टाची कॉलर घासली तर उसवून उलटी बसवायची. हे काम तासाभराचं, पण हल्ली कुणी मागत नाही म्हणून शिंपी सांगत नाहीत. तुम्ही मागा.

काही शाळा कापडाची पाकिटं करून विकतात, इयत्तेप्रमाणे. बारीक चणीच्या मुलाच्या पाकिटात पाव मीटर तरी उरतं. ते परत मागून घ्या, ठिगळाला आणि खिशाला तेच रंगसंगतीने जुळतं.

बूट, मोजे, खेळाचे कॅनव्हास बूट शाळेच्या दुकानातून घ्यायची गरज नाही, रंग जुळला की झालं. पावसाळ्यात बऱ्याच शाळा सँडल चालवतात, म्हणून चामड्याचे काळे बूट गणेश चवथीच्या सुट्टीनंतर घ्या. जूनमध्ये घेतलेले बूट चिखलात कुजतात आणि तोवर पाय वाढलेला असतो. हाऊसचा, म्हणजे शाळेतल्या गटाच्या रंगाचा, टी-शर्ट आठवड्यातून एकदाच लागतो, एकच घ्या. करामुळे भाव वाढला असं कुणी सांगितलं तर मानू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर आणि बुटांवर ५ टक्केच जीएसटी आहे, बुटांवरचा तर उलट उतरला.

सरकारकडून काही मिळेल का, तर अनुदानित शाळेत धरून चालू नका. समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंत दोन जोडांसाठी वर्षाला ६०० रुपये आहेत, पण ते सरकारी शाळांतल्या मुलांसाठी. शिवाय ६०० रुपयांत आज एक जोड धड होत नाही, दोन कुठले! सीबीएसईने २०१७ मध्ये शाळांच्या आवारात पुस्तकं-गणवेश विकू नका असं परिपत्रक काढलं होतं, त्याचा दाखला बरेच पालक देतात. तुमची शाळा गोवा बोर्डाची असेल तर तो तिथे चालत नाही.

चालेल ते पालक-शिक्षक संघात. पण जूनमध्ये जाऊन भांडू नका, तोवर माल आलेला असतो आणि मुख्याध्यापकही काही करू शकत नाहीत. दुकानदार नव्या वर्षाची ऑर्डर साधारण डिसेंबर-जानेवारीत देतो, त्याच्या आधीच्या बैठकीत विषय काढा. चेक्सऐवजी साधा रंग, बिल्ला सुटा, निदान दोन दुकानांत माल आणि पाच वर्षं डिझाइन बदलायचं नाही, एवढंच मागा. ‘स्वस्त करा’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि काहीच होत नाही. बिल्ला सुटा द्या म्हटलं तर नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागतं.

यंदाच्या पावतीतलं अजून काही उचललेलं नसेल तर तिसरा जोड, बूट आणि टाय आजच काढून टाका. आणि मुलीचा स्कर्ट शिवायला टाकणार असाल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाका, त्यानंतर माया ठेवायला सांगितलं तरी ऐकायला कुणा शिंप्याला वेळ नसतो.