गुडघ्याच्या वरून पाय गेल्यावर माझा भाऊ मानसी जोशीसारखं बॅडमिंटन खेळू शकेल का?

तुम्ही लिहिलंय की बावीस वर्षांच्या भावाचा उजवा पाय अपघातानंतर गुडघ्याच्या वरून काढावा लागला, त्याला तीन महिने झाले. आधी तो तालुक्याच्या स्पर्धांत बॅडमिंटन खेळायचा. आता ओळखीतला प्रत्येकजण त्याला कृत्रिम पायावर खेळून पॅरा-बॅडमिंटनची जगज्जेती झालेल्या मानसी जोशीचे व्हिडिओ पाठवतो आणि तो फोन पालथा घालून ठेवतो. त्याला पुन्हा खेळता येईल का आणि मानसीला हे सगळं नेमकं कसं जमलं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी पुण्यात प्रॉस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम पाय तयार करून बसवतो. मानसीला मी कधी भेटलेलो नाही. तिच्याबद्दल लिहितोय ते सगळं जाहीर झालेलं आहे. पण भावासारखी माणसं रोज समोरच्या खुर्चीत बसतात, म्हणून तिच्या गोष्टीत मला काही वेगळं दिसतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. खेळता येईल, आणि बॅडमिंटनच. फक्त ‘मानसीसारखं’ म्हणताना तिची कुठली वर्षं डोळ्यासमोर आहेत ते बघा, कारण व्हिडिओत शेवटचीच दिसतात.

मानसीचा जन्म १९८९ चा, राजकोटचा. आडनाव बघून तिला सदाशिव पेठेत शोधू नका. वाढली मुंबईत, अणुशक्तीनगरात. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात होते आणि बॅडमिंटनची पहिली रॅकेट तिने त्यांच्यासोबतच हातात धरली. शाळा-कॉलेजात खेळत राहिली, सोमय्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली. २ डिसेंबर २०११ रोजी दुचाकीवरून कामावर जाताना ट्रकने धडक दिली. योग्य उपचार सुरू व्हायला कित्येक तास गेले. डॉक्टरांनी डावा पाय वाचवायचा प्रयत्न केला, पण गँगरीन झालं आणि पाय मांडीतून काढावा लागला. तेव्हा ती तुमच्या भावाच्याच वयाची होती, बावीसची.

यानंतर व्हिडिओ थेट सुवर्णपदकावर उडी मारतो. ते सुवर्णपदक २०१९ चं आहे. मधल्या जवळजवळ आठ वर्षांत ती चालायला शिकली, नोकरीवर परत गेली, २०१२ मध्ये कंपन्यांच्या स्पर्धेत खेळून बघितलं आणि आपला हात शाबूत आहे हे तिच्या लक्षात आलं. २०१४ च्या आशियाई पॅरा स्पर्धेसाठी निवड चाचणी दिली, निवड झाली नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या जागतिक स्पर्धेत राकेश पांडेसोबत मिश्र दुहेरीत रौप्य मिळालं. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. २०१८ मध्ये ती हैदराबादला पुलेला गोपीचंद यांच्या अकादमीत गेली आणि खऱ्या अर्थाने पूर्णवेळ खेळाडू तिथून झाली.

या यादीत नोकरीकडे मुद्दाम बघा. महिन्याचा पगार, शिकलेले आई-वडील, मुंबईसारखं शहर आणि अपघाताच्या आधीपासून अंगात मुरलेला खेळ, एवढं तिच्या गाठीशी होतं. तिची मेहनत यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण ‘जिद्द असली की झालं’ असं म्हणणारे लोक हे सगळं गाळून टाकतात, आणि मग जमलं नाही तर पोराला वाटतं आपल्यातच जिद्द कमी पडली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना जिद्द भरपूर असते. त्यांना नसतो तो पाय बदलायला पैसा आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेऊन सोडणारा माणूस. व्हिडिओ पाठवणाऱ्यांपैकी कोणाकडे चारचाकी असेल तर त्याला हे काम द्या.

आता पायाचं बोलू, माझा प्रांत तोच आहे.

लोक विचारतात, ‘खेळाचा पाय कितीला पडतो?’ आणि त्यांच्या डोक्यात सेन्सरवाला गुडघा असतो. त्याची किंमत लाखांत जाते हे खरं. पण खेळणं आधी अवलंबून असतं सॉकेटवर. मांडीचा उरलेला भाग, ज्याला आम्ही आणि पेशंटही स्टंपच म्हणतो, तो ज्या कवचात बसतो ते सॉकेट. ते बेताचं असेल तर वर पाच लाखांचा गुडघा लावूनही माणूस लंगडतो. आणि स्टंप एका मापाचा राहत नाही. पहिलं वर्षभर तर तो सारखा आटतो. सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट संध्याकाळी सैल होतं, मग एक स्टंपसॉक, म्हणजे स्टंपवर घालायचा मोजा, चढवा, रात्री दोन. एप्रिलमध्ये हॉलमध्ये खेळणारा माझा एक पेशंट दर गेम संपला की बाकावर बसतो, पाय काढतो, सिलिकॉनचं लायनर उलटं करून घाम निथळवतो, टॉवेलने स्टंप कोरडा करतो आणि पुन्हा चढवतो. हे त्याने घाईत अर्धवट केलं तर पुढच्या गेममध्ये पाय सॉकेटमध्ये फिरतो आणि रात्री जांघेत फोड येतो. फोड आला की आठवडाभर पाय घालायचा नाही आणि सरावही बंद. मानसीनेसुद्धा एकच सॉकेट पाच वर्षं वापरलं होतं आणि त्यामुळे व्यायामाचा वेग मंदावत होता, हे तिने स्वतः जाहीरपणे सांगितलं होतं. नवीन सॉकेट मिळालं ते जागतिक विजेतेपदाच्या आधीच्या काळात. बातम्यांत ही ओळ कोपऱ्यात होती, मला ती मथळ्याची वाटली.

दमही लागतो. गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्या माणसाला नुसतं चालायला दोन पायांच्या माणसापेक्षा दीडपटीहून जास्त शक्ती लागते. म्हणून फिजिओथेरपिस्ट कंबर आणि पोटाचे व्यायाम देतील तेव्हा भावाने ‘मला पाय हवाय, हे काय करायला लावताय’ म्हणून कंटाळू नये. गेलेल्या पावलात मुंग्या येणं, अंगठा दुखणं हेही चालू असेल. तो सांगत नसेल कदाचित. त्याला वेड लागलेलं नाही, हे बहुतेकांना होतं आणि त्यावर औषधं व उपाय आहेत. विचारा त्याला.

कोर्टावर काय होतं ते कळायला पॅरा-बॅडमिंटनचे गट माहीत हवेत. गुडघ्याच्या वरून एक पाय गेलेले खेळाडू साधारणपणे एसएल३ गटात येतात, गुडघ्याच्या खालून गेलेले एसएल४ मध्ये. एसएल३ ची एकेरी अर्ध्या कोर्टावर होते. कोर्ट लांबीत दुभागायचं, म्हणजे तुमच्या बाजूला ३.०५ मीटर रुंद आणि ६.७ मीटर लांब अशी एक गल्ली उरते. ऐकायला सोपं वाटतं, पण ते फसवं आहे. डावी-उजवीकडे पळवता येत नाही म्हणून सगळा खेळ पुढे-मागे होतो. एक शटल जाळ्यालगत टाकायचं, दुसरं पार शेवटच्या रेषेवर. आणि कृत्रिम गुडघ्याला सगळ्यात अवघड तेच, उलट्या पावली मागे जाणं. बहुतेक गुडघे पुढे चालण्यासाठी बनवलेले असतात; मागे सरकताना वजन चुकीच्या क्षणी पडलं की ते मिटतात.

मानसी उजव्या हाताने खेळते आणि तिचा गेला तो डावा पाय. जाळ्याकडे झेपावताना उजव्या हाताचा खेळाडू उजवा पाय पुढे टाकतो, तो तिचा स्वतःचा आहे. तुमच्या भावाचा नेमका उजवा गेलाय. तोही उजव्या हाताचा असेल तर त्याला ती झेप नव्याने बसवावी लागेल. काहीजण डावा पाय पुढे टाकायला शिकतात, काही छोटी दोन पावलं घेतात. तेव्हा तिचे व्हिडिओ तंत्रासाठी जसेच्या तसे उतरवू नका. एसएल३ गटात उजवा पाय बाधित असलेले, उजव्या हाताने खेळणारे खेळाडू शोधा आणि त्यांचे सामने बघा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला मानसीने अंतिम सामन्यात गतविजेत्या पारुल परमारला २१-१२, २१-७ असं हरवलं. त्याच शहरात, त्याच आठवड्यात पी. व्ही. सिंधू जगज्जेती झाली. पेपरांची पहिली पानं सिंधूने भरली, तेही योग्यच. मानसीचं नाव लोकांपर्यंत पोहोचलं ते नंतर, समाजमाध्यमांवर लोकांनी ‘हिचं काय?’ असं विचारल्यावर. २०२० मध्ये ‘टाइम’च्या आशिया आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ती आली, तिच्यासारखी दिसणारी कृत्रिम पायाची बार्बी निघाली.

आणि टोकियो? पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटन पहिल्यांदा आलं ते तिथेच, पण महिलांची एसएल३ एकेरी त्या कार्यक्रमात ठेवलीच नव्हती. पुरुषांची होती, प्रमोद भगतने तिच्यात सुवर्ण जिंकलं. दुहेरीतही भारताकडून दुसऱ्या जोड्या गेल्या. म्हणजे जगज्जेती घरी बसली, कारण तिचा प्रकारच यादीत नव्हता. यात जिद्दीचा कुठे संबंध येतो ते मला कोणीतरी समजावून सांगा. मार्च २०२२ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत एकेरीत कांस्य आणि तुळसीमती मुरुगेसनसोबत दुहेरीत रौप्य मिळवलं. पॅरिसला, २०२४ मध्ये, तिचा प्रकार एकदाचा आला. तोवर ती ३५ वर्षांची झाली होती. इंडोनेशियाच्या कोनिताहविरुद्ध पहिला गेम जिंकून तीन गेममध्ये हरली. दुसऱ्या दिवशी युक्रेनच्या ओक्साना कोझिनाविरुद्ध पुन्हा पहिला गेम घेतला आणि तिसरा २१-२३ ने गमावला. गटातच बाद. हा सामना मात्र भावाला जरूर दाखवा, त्याला खेळाडू म्हणून बघायला आवडेल.

मानसी अपंगांच्या हक्कांबद्दल बोलते ते मला म्हणूनच भाषण वाटत नाही. कृत्रिम पायांच्या किमती, सार्वजनिक जागी वावरताना येणारे अडथळे, पॅरा-खेळाडूंना मिळणारं दुय्यम स्थान हे तिचे विषय तिच्या स्वतःच्या वाटेत आडवे आलेले आहेत. हेच प्रश्न इतरांनाही छळतात. नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ टाकून पंतप्रधानांना विनंती केली होती की विमानतळावर दरवेळी कृत्रिम पाय काढायला लावू नका. तेव्हा सुरक्षा दलाने माफी मागितली. जिला सगळा देश ओळखतो तिची ही कथा, मग आमच्याकडच्या एसटीने येणाऱ्या माणसाची काय असेल? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे, सुगम्यतेची कलमं आहेत. कागद उत्तम आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी बॅडमिंटन हॉलना आजही फक्त पायऱ्या आहेत, आणि कपडे बदलायच्या खोलीत बसायला बाक नाही. पाय काढून उभं कसं राहायचं?

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर करमाळ्याचा सुयश जाधव आहे. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गेले, पुढे जलतरणात आशियाई सुवर्ण मिळवलं आणि अर्जुन पुरस्कारही. तालुक्याच्या गावातून आलेला असल्यामुळे भावाला तो कदाचित जास्त जवळचा वाटेल.

आता तुम्ही करायचं काय. तीन महिने म्हणजे टाका वाळला असेल, पण स्टंप अजून आकारात यायचा आहे. त्याला क्रेप बँडेज नीट बांधायला शिका आणि उशी पायाखाली घेऊन झोपू देऊ नका, त्याने कंबरेचा सांधा आखडतो आणि नंतर कुठलाही पाय नीट बसत नाही. पहिला पाय महागडा घेऊ नका, सॉकेट वर्षभरात बदलावंच लागेल. जयपूर फूट मोफत मिळतो आणि रोजच्या चालण्याला, उकिडवं बसायला, शेतात जायला चांगला आहे. खेळाचा विचार दुसऱ्या पायाच्या वेळी करा. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे एकदा दाखवून या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांचे अर्ज आत्ताच भरून टाका, योजना आणि नोकरी दोन्हीकडे ते मागतात.

रॅकेट मात्र आजपासून हातात देऊ शकता. खुर्चीत बसून भिंतीवर शटल मारायला पाय लागत नाही.

तुमचा जिल्हा कळवलात तर जवळचं केंद्र सुचवतो. फक्त स्टंपचा फोटो इथे सगळ्यांसमोर टाकू नका, आणि टाकायचाच असेल तर आधी भावाला विचारा.