अमेरिकेची 'ए ते एफ' श्रेणी आपल्या शहरांतल्या रस्त्यांना लावता येते का?

श्रेणी लावता येते. तिच्या सीमा मात्र जशाच्या तशा उचलता येत नाहीत. 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल' या अमेरिकी ग्रंथाने १९६५ मध्ये ही सहा पायऱ्यांची 'लेव्हल ऑफ सर्व्हिस', म्हणजे चालकाला रस्त्यावरची वाहतूक किती सुरळीत मिळते याची श्रेणी, रूढ केली: 'ए' सर्वांत चांगली, 'एफ' सर्वांत वाईट. त्याच्या २००० च्या आवृत्तीत शहरी रस्त्यांसाठी निकष होता तो सिग्नलवर थांबण्याचा वेळ धरून येणाऱ्या सरासरी वेगाचा. मोकळा असताना ताशी ६५ किलोमीटर वेग देणाऱ्या रस्त्यावर हा वेग २१ किंवा त्याखाली आला की श्रेणी थेट 'एफ'. हे माप आपल्याकडे लावले तर गर्दीच्या वेळी कितीतरी रस्ते एकाच रकान्यात जाऊन बसतात आणि आधी कोणता सुधारावा हे कळेनासे होते. म्हणूनच आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मुंबईतल्या रस्त्यांवर जीपीएसने वेग नोंदवून त्यांचे गट पाडले व स्थानिक सीमा काढल्या. त्या अमेरिकी सीमांपेक्षा खाली आल्या.

२०१० च्या आवृत्तीत प्रत्यक्ष वेग हा मुक्त वेगाच्या, म्हणजे रस्ता मोकळा असतानाच्या वेगाच्या, किती टक्के आहे ते पाहिले जाते: ८५ टक्क्यांच्या वर 'ए', ३० किंवा त्याखाली 'एफ'. हे न्याय्य वाटते, पण माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. समजा, खड्डे आणि गतिरोधक यांमुळे एखाद्या रस्त्यावर पहाटेसुद्धा ३० च्या पुढे जाता येत नाही आणि संध्याकाळी वेग १६ पडतो. प्रमाण निघाले ५३ टक्के, श्रेणी 'सी'. गणित बिनचूक आहे; रोज तिथे क्लच दाबून पाय दुखवून घेणाऱ्याला मात्र ते सांगून बघा.

म्हणून मी आधी प्रत्यक्ष वेग पाहीन आणि सिग्नलला गेलेला वेळ व दोन चौकांमध्ये खोळंबून गेलेला वेळ वेगळा नोंदवीन. दुसऱ्याचे कारण बहुधा दुहेरी पार्किंग किंवा मधल्या लेनमध्ये थांबलेली बस असते, आणि सिग्नलची वेळ बदलून ते दूर होत नाही. शिवाय मोजणी अनेक दिवस करावी, कारण एरवी २० मिनिटे लागणाऱ्या वाटेवर अधूनमधून ३५ लागत असतील, तर माणूस घरातून ३५ धरूनच निघतो.

शेवटी, चालक म्हणजे कोण, हेही ठरवावे लागते. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत दुचाकींचा वाटा ५ टक्के असेल तर एक दुचाकी अर्ध्या मोटारीइतकी, आणि १० टक्के वा अधिक असेल तर पाऊण मोटारीइतकी धरली आहे. हा हिशेब रस्त्यावरच्या जागेचा आहे, चालकाच्या वेळेचा नाही. पुण्यासारख्या शहरात मोटारी अडकल्या तरी दुचाकी फटीतून पुढे सरकते. त्यामुळे एकाच रस्त्याला दोघांसाठी दोन वेगळ्या श्रेणी द्याव्यात, असे माझे मत आहे.