शेठ बाहेरगावी आहेत

लिहून पोट भरणाऱ्यांची या वेळी तीन पत्रं.

प्रश्न : ताई, मी गुजरातीतून मराठीत भाषांतरं करते. इथल्या एका कंपनीची खतांची माहितीपत्रकं करून दिली. बिल ६४,००० रुपयांचं. पाच महिने झाले, फोन केला की एकच उत्तर, "शेठ बाहेरगावी आहेत." जास्त बोलले तर पुढचं काम जाईल अशी भीती वाटते.
– एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : बाई, हे शेठ १९९४ पासून बाहेरगावीच आहेत. त्या वर्षी दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर बसून मी एका साडीच्या दुकानाच्या जाहिराती लिहायला लागले. दिवाळीच्या तोंडावर बिल नेलं, तर म्हणाले, लाभपाचमनंतर, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीनंतर या. लाभपाचमला गेले, तर हिशेबाचा नवीन चोपडा उघडलाय, पहिल्याच दिवशी पैसे बाहेर कसे काढायचे! मग लग्नसराई, मग उत्तरायण. १४ जानेवारीला अख्खं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर, १५ ला वासी उत्तरायण. पैसे होळीला मिळाले, तेही शंभर रुपये कमी. तेव्हापासून माझं गणित ठरलेलं आहे : नवरात्र उठलं की बिलं जायची आणि धनतेरसच्या आत वसुली.

आता तुमचं. तुम्ही फोन कुणाला करता? ज्यानं काम दिलं त्यालाच ना? तो काम देतो, पैसे सोडत नाही. अकाउंट्समध्ये कोण बसतं ते शोधा आणि त्याला एवढंच विचारा, "माझ्या बिलात काही कमी आहे का?" माझे २२,००० रुपये एकदा तीन महिने अडकले होते, कारण बिलावर पॅन नंबर नव्हता. कुणी सांगितलंही नाही. बिल बाजूच्या ट्रेमध्ये पडून होतं, बस.

दुसरं, तुमचा फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता, उघडून बघा. कंपनीनं तिमाही विवरण भरलं की तुमच्या बिलातून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, तिथे दिसतो. या कंपनीच्या नावानं रक्कम दिसली, तर तुमचं बिल त्यांच्या वहीत चढलंय. मग "बिल मिळालंच नाही" म्हणायची सोय त्यांना उरत नाही.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका. आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानं, लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे तुमचे पैसे अडवता येत नाहीत, करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मात्र नोंदणी कामाच्या आधीची हवी, त्यामुळे या ६४,००० साठी तिच्यावर विसंबू नका, पुढच्यासाठी करा. खरं म्हणजे शेठ लोकांना व्याजाची भीती नसते. झोंबतं ते वेगळंच. २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकरात एक कलम आणलं : मुदत उलटून गेलेलं असं बिल ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकतं होईल, त्याच वर्षी खर्चात धरता येतं. बिल थकवलं तर त्या वर्षी खर्च कमी दिसतो आणि कर वाढतो, म्हणून मार्चमध्ये त्यांचा सीए तुमच्या बाजूनं बोलत असतो! मी कुणाला धमकी देत नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक लिहिते आणि गप्प बसते.

पुढचं काम आलं तर निम्मे पैसे आधी मागा. हे तोंडातून निघायला मला सहा वर्षं लागली. सासूबाई म्हणायच्या, सरस्वतीचे पैसे मागू नयेत. किराणावाल्याकडून मात्र त्या सुटे आठ आणेही परत मागून घ्यायच्या.

प्रश्न : हिंदी लेख मराठीत करून देतो, शब्दाला १ रुपया. माझा मजकूर मूळ लेखापेक्षा नेहमी आखूड भरतो, त्यामुळे पैसेही कमी. त्यात दुरुस्त्या संपतच नाहीत.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तुम्ही मराठीचे शब्द मोजताय, तिथेच घात झाला. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून बसतात. "बैंक के सामने वाली दुकान में" हे मोजा, सहा. "बँकेसमोरच्या दुकानात", दोन. म्हणजे सहाचं काम करून हातात दोन रुपये. गंमत अशी की "बँकेच्या समोर असलेल्या दुकानामध्ये" असं ओढूनताणून लिहिणाऱ्याला चार मिळतात. मराठी जितकं चांगलं, तितका तोटा! उद्यापासून मूळ हिंदीचे शब्द मोजायचे आणि हे काम हातात घेण्याआधी मेलवर कबूल करून घ्यायचं.

दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. फेरी म्हणजे सगळ्यांच्या सूचना एका कागदावर. नाहीतर आज मालक, उद्या त्यांचा मुलगा, परवा सूनबाई. आमच्या एका पार्टीच्या सूनबाई पुण्याच्या होत्या. त्यांनी माझं बडोद्याचं मराठी लाल पेनानं रंगवून पाठवलं. मी दोन दिवस धुसफुसले. पण त्यांची एक खूण बरोबर होती : मी पुस्तकाला चक्क गुजराती "चोपडी" लिहिलं होतं. ती फेरी मी फुकट केली.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा, घरूनच लिहितो. आई लोकांना सांगते, "सध्या घरीच असतो." सिलिंडरवाला, पाहुणे, आजोबांचं बँकेचं काम, सगळं माझ्याच गळ्यात.
– एक वाचक, जिवाजीगंज, ग्वाल्हेर

उत्तर : बाळा, चप्पल घाल आणि बाहेर पड. मुलगा लहान होता तेव्हा मी अकरा ते तीन मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसायचे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेलं ते ग्रंथालय, टेबल होतं, पंखा होता आणि कोश हाताशी. घरी सांगितलं, ऑफिसला जाते. सासरे दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवशी डबा भरून दाराशी उभे. तुझ्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातही एखादं वाचनालय सापडेल. जाताना हातात पिशवी असू दे, रिकाम्या हाती जाणाऱ्याला घरचे दही आणायला सांगतात.

आजोबांचं बँकेचं काम तेवढं ठेव, शनिवारी सकाळी. सिलिंडरवाल्याला सांगून बघ, चारनंतर ये म्हणून. तो काही ऐकायचा नाही.