टोमॅटोला खत देताना आधी नत्रावर हात आवरा

भाऊ, झाडं काळीभोर हिरवी, शेंडा जाड आणि गुंडाळलेला, पण फूल टिकत नाही म्हणताय, तर तो बहुधा नत्राचा (नायट्रोजनचा) जोर आहे. युरिया थांबवा. लागवडीनंतर मुळं धरेपर्यंत १२:६१:०० हे विद्राव्य खत (आकडे क्रमाने नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के) थोडं थोडं द्या, वाढीला १९:१९:१९ आणि फळं सेट झाली की पालाशकडे वळा, म्हणजे १३:००:४५, शेवटी ००:००:५०. किती किलो ते मातीपरीक्षणाचा अहवाल पाहून ठरवा. शेजाऱ्याचं वेळापत्रक उचलू नका, त्याची जमीन वेगळी.

आता फळाच्या बुडाला पडणारा काळा डाग. तो रोग नाही, बुरशीनाशक मारून पैसे घालवू नका. फळाला कॅल्शियम कमी पोचलं की तो येतो. बरेचदा जमिनीत कॅल्शियम भरपूर असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. एकदा कडक ताण, मग एकदम भरपूर पाणी, असं केलं की पुरवठा तुटतो. अमोनियाचं नत्र आणि पालाश जास्त झालं तरी कॅल्शियमचं शोषण अडतं. म्हणून ड्रिप रोज थोडं चालवा, आणि कॅल्शियम नायट्रेट फळं लहान असतानाच सुरू करा. डाग पडलेलं फळ सुधारत नाही, तोडून टाका.

कॅल्शियम नायट्रेट हे फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतासोबत एकाच टाकीत कालवू नका. साका बसतो, ड्रिपर बुजतात. दिवस वेगळा ठेवा.

खालची जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडली तर मॅग्नेशियम सल्फेट फवारा.