तब्येतीमुळे कॉलेज अर्धवट सोडताना शैक्षणिक कर्जाचं काय करायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला बी.ई.च्या दुसऱ्या वर्षात आहेस. डॉक्टरांनी निदान वर्षभर विश्रांती सांगितली आहे. बँकेने आतापर्यंत पावणेतीन लाख कॉलेजला भरले आहेत, बाबा सहकर्जदार आहेत, आणि कॉलेज सोडलं की बँक सगळी रक्कम एकदम मागेल का, अशी भीती वाटते. घरी अजून सांगितलेलं नाही.

वयाने मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते. सगळी रक्कम एकदम मागत नाहीत. सरकारी बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे कर्ज देतात. विद्यार्थ्याने शिक्षण मध्येच सोडलं तर बँकेने विद्यार्थी आणि पालकांशी बोलून परतफेडीचं वेळापत्रक ठरवावं, असं त्या योजनेतच लिहिलं आहे. कर्ज एखाद्या खाजगी फायनान्स कंपनीचं असेल तर मात्र करारनामा काढून वाच, तिथे त्यांच्या अटी चालतात.

मी याच वाटेने गेले आहे. २०१६ साली इंदूरच्याच एका खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला. बाबा एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये मुनीम. दर सेमिस्टरला ५५,००० रुपये, असे चार हप्ते बँकेने कॉलेजला दिले, एकूण २,२०,०००. तिसऱ्या सेमिस्टरला पाठ दुखायला लागली. बसून बसून दुखत असेल असं सगळेच म्हणाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये एमआरआय काढला तेव्हा मणक्याचा टीबी निघाला. रामबागेतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि मी पाठीला पट्टा बांधून पलंगावर. चौदा महिने औषध चाललं. औषध सरकारकडून मोफत मिळालं आणि त्याच वर्षी एप्रिलपासून टीबीच्या रुग्णांना पोषणासाठी महिना ५०० रुपये सुरू झाले, तेही खात्यात आले. आजाराचा खर्च आम्ही निभावला. अडकलो ते कॉलेजच्या एका कागदावर.

झालं असं की मी कॉलेजला काहीच लिहून दिलं नाही. मैत्रिणीने वर्गात सांगितलं, बाबांनी एकदा फोन केला, आम्हाला वाटलं कळवलं. जुलैमध्ये बाबा चौकशीला गेले तेव्हा हातात पत्र मिळालं: 'दीर्घ अनुपस्थितीमुळे नाव कमी करण्यात आले आहे.' आजाराचा शब्द नाही. तेच पत्र बाबांनी निमूटपणे बँकेत नेऊन दिलं.

आता हे नीट वाच, कारण तुझे सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतील. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कर्ज घेताना उत्पन्नाचा दाखला दिलेला असेल, तर केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेत तुझं कर्ज बसलेलं असू शकतं. ही योजना २००९-१० पासून आहे. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. शिक्षण मध्येच सोडणाऱ्याला हे अनुदान मिळत नाही, असा नियम आहे. बँकेतल्या बाईंनी बाबांना एवढंच वाचून दाखवलं. पण नियमाचं पुढचं वाक्य असं की शिक्षण वैद्यकीय कारणाने सुटलं असेल आणि संस्थेच्या प्रमुखाचं समाधान होईल अशी कागदपत्रं दिली असतील, तर अनुदान मिळतं. म्हणजे प्राचार्यांच्या पत्रात 'अनुपस्थिती' आहे की 'वैद्यकीय कारण' आहे, यावर सगळं अवलंबून. माझ्या कर्जाचा दर १०.५ टक्के होता. फेब्रुवारी २०१९ पर्यंतचं साधं व्याज धरलं तरी चाळीस हजारांच्या वर जात होतं. आमच्या घरात ते तीन महिन्यांचं उत्पन्न होतं.

ते पत्र बदलून घ्यायला तीन महिने लागले. आधी कारकून म्हणाले, एकदा निघालेलं पत्र बदलत नाही. मग दादाने योजनेच्या नियमांची प्रत छापून आणली, त्या वाक्याखाली रेघ मारली. एमआरआयचा अहवाल, डिस्चार्ज पेपर, औषध सुरू झाल्याच्या तारखेचं सरकारी कार्ड आणि 'अमुक महिने बसून शिक्षण घेणं शक्य नाही' असं स्पष्ट लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र, असा गठ्ठा जोडला. अर्ज हिंदीत लिहिला, कारण कॉलेजात आणि शाखेत सगळा व्यवहार हिंदीतच चालतो आणि मराठीत लिहिला असता तर तो बाजूला पडला असता. दोन प्रती केल्या, एक आवक-जावकच्या खिडकीवर दिली आणि दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतली. तो शिक्का नसता तर पुढच्या वेळी 'आमच्याकडे काही आलंच नाही' ऐकावं लागलं असतं. ऑक्टोबरमध्ये नवं पत्र मिळालं: वैद्यकीय कारणामुळे, फेब्रुवारी २०१८ पासून. बँकेने ते फाईलला लावलं, अनुदान चालू राहिलं.

म्हणून तू अजून कॉलेजात आहेस हे फार चांगलं आहे. वर्गात जाणं बंद होण्याआधी अर्ज दे. आणि आधी हा विचार कर की खरंच सोडायचं आहे का. डॉक्टर वर्षभर म्हणताहेत ना? मग 'नाव कायम ठेवून एक वर्ष खंड' असा अर्ज करता येतो का ते विभागप्रमुखांना विचार. कर्ज योजनेत ठरलेल्या मुदतीत शिक्षण पूर्ण झालं नाही तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची सोय आहे, आणि कारण हाताबाहेरचं असेल तर मंजुरी देणारा अधिकारी त्याहून जास्तही देऊ शकतो. नाव पटावर राहिलं तर हप्ते सुरू होत नाहीत. माझ्या वेळी हे कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी सोडलं नसतं.

सोडायचंच ठरलं तर त्याच आठवड्यात शाखेत लेखी कळव की पुढचा हप्ता कॉलेजला पाठवू नका. जे उचललं तेवढंच कर्ज, मंजूर झालेली सगळी रक्कम नव्हे. कॉलेजकडून कॉशन मनी, म्हणजे प्रवेशाच्या वेळी ठेवलेली अनामत, परत माग. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने तसं स्पष्ट केलेलं आहे. पास झालेल्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका घे आणि तुझे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (श्रेयांक जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात) चढले आहेत का ते बघ. मला तेव्हा ती सोय नव्हती, माझी तीन सेमिस्टर वाया गेली.

आता हप्त्याचं. बँकेने मला आधी पाच वर्षांची परतफेड सांगितली, महिना जवळपास ४,७०० रुपये. बाबा हो म्हणायला निघाले होते, कारण त्यांना कर्ज लवकर फेडायचं होतं. आमच्या घरात कोणाचं देणं कधी राहिलेलं नाही, ही त्यांची एकच गोष्ट. मी हट्टाने दहा वर्षं मागितली. हप्ता तीन हजारांच्या आत आला, २,९७० च्या आसपास. दहा वर्षं फेडलं तर एकूण साधारण बहात्तर हजार जास्त जातात, हे खरं. पण शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. हप्ता छोटा ठेवायचा आणि हाती पैसा आला की मुद्दलात टाकायचा. उलट केलं आणि आजारपण लांबलं तर हप्ता चुकतो, आणि ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. मग तुझाच नाही, बाबांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, खराब होतो. योजनेत पंधरा वर्षांपर्यंत परतफेड देता येते, तेव्हा मोठी मुदत मागायला लाजू नकोस. पहिल्या हप्त्याआधीचं एक वर्ष मिळतं का तेही विचार. मला मिळालं, मार्च २०१९ पासून हप्ते सुरू झाले.

मध्ये कधी हप्ता जमणार नाही असं दिसलं तर चुकायच्या आधी शाखेत जा. नोकरी नसण्याच्या काळात हप्ते थांबवण्याची तरतूद योजनेत आहे, पण ती मागावी लागते. वसुलीचा फोन आला तर घाबरू नकोस. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते.

घरी कसं सांगायचं, हे तू शेवटी विचारलं आहेस, पण मला वाटतं तोच खरा प्रश्न आहे. मी पलंगावर होते, मला लपवायची सोय नव्हती. तरी कर्जाबद्दल बाबा आणि मी चार महिने एकमेकांशी बोललो नाही. ते मला त्रास नको म्हणून गप्प, मी त्यांना नको म्हणून. त्याच चार महिन्यांत ते अनुपस्थितीचं पत्र तयार झालं. बाबांची सही प्रत्येक कागदावर लागणार आहे, त्यांना बँकेच्या नोटिशीतून कळू देऊ नकोस. आधी आईला सांग, मग दोघींनी किंवा दोघांनी मिळून बाबांना सांगा, आणि आकडा कागदावर लिहून समोर ठेवा: उचलले किती, व्याज किती, हप्ता किती येईल. माझ्या बाबांनी २,९७० हा आकडा पाहिला तेव्हा कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले. त्याआधी त्यांच्या डोक्यात मंजूर झालेली पूर्ण रक्कम फिरत होती.

मी पुढे भोज मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, आता सियागंजात एका पेढीवर हिशेब सांभाळते. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो आणि दिवाळीचा बोनस मुद्दलात.

कॉलेजचं पत्र तयार झालं की, मिळाल्याची सही करून ते ताब्यात घेण्याआधी, त्याचा मजकूर नाव-गाव झाकून इथे टाक. मी वाचून सांगते, कुठे काय बदलून घ्यायचं ते.