प्रतिजैविकांऐवजी खाद्यात काय द्यावे?

विट्याजवळ तुमची मांसल कोंबड्यांची पहिली बॅच सुरू होत आहे, तेव्हा प्रतिजैविकांची (अँटिबायोटिक्सची) जागा एखादी पुडी भरून काढील ही अपेक्षा आधी सोडावी. युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविके २००६ पासून बंद केली, आपल्याकडे २०१९ मध्ये खाद्यपशूंसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली.

सुरुवात प्रोबायोटिकपासून, म्हणजे आतड्याला उपयोगी अशा जिवंत जिवाणूंपासून करा. मात्र गोळीखाद्य बनवताना लागणाऱ्या वाफेत लॅक्टोबॅसिलस बहुतांशी मरतात आणि बॅसिलसचे बीजाणू टिकतात, म्हणून पाकिटावरील जिवाणूचे नाव वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. पहिल्या वर्षी मी सकाळी ज्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकत असे, त्याच टाकीत प्रोबायोटिक मिसळत होतो, म्हणजे ते जिवाणू स्वतःच मारत होतो, आणि शेडमधले तूस ओले का राहते, याचा महिनाभर शोध घेत होतो.

मांसाच्या प्रतीसाठी माझा भर जीवनसत्त्व ई आणि सेलेनियमवर असतो, कारण स्नायूंतील मेद खवट होण्याचा वेग त्यांमुळे मंदावतो आणि साठवलेल्या मांसाचा रंग व वास अधिक काळ टिकतो. सेलेनियम जास्त झाल्यास विषारी ठरते. प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वे व खनिजांच्या तयार मिश्रणात) ते किती आहे हे पाहूनच पुढचा विचार करा.

सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे घरची हळद मूठभर टाकण्याचा मोह होतो (मलाही झाला होता), पण मूठ हे माप नव्हे. पशुआहारतज्ज्ञाला विचारून ती काट्यावर तोलूनच घाला. शेवटच्या आठवड्यात मासळीची कुटी टाळा, मांसाला वास येतो. पक्षी खरोखर आजारी पडल्यास पशुवैद्यकाने दिलेले प्रतिजैविक अवश्य द्या, परंतु लेबलवरील प्रतीक्षाकाळ (औषध थांबवल्यापासून विक्रीपर्यंत थांबायचे दिवस) संपेपर्यंत व्यापाऱ्याची गाडी शेडपाशी लावू देऊ नका.