दव गोठणाऱ्या रात्री झाडं कशी झाकाल?

सगळी बाग झाकत बसू नका. आधी कुंड्या भिंतीलगत ओढा. त्यांतली मुळं जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गारठतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर अंदाज ३-४ अंशांचा असूनही पानांवर दव गोठू शकतं.

- माती दुपारीच भिजवा. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते.
- जुनी चादर सूर्यास्ताआधी घाला, कडा जमिनीला टेकवून वर दगड ठेवा. ऊब मातीतून येते, म्हणून खोडाशी गाठ मारून झाडाचं गाठोडं करू नका. (पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं!)
- प्लास्टिक पानांना चिकटू देऊ नका.

सकाळी ऊन आलं की चादर काढा. काळी पडलेली पानं बघून लगेच कात्री मात्र उचलू नका. थंडी सरू द्या, बऱ्याचदा खालून नवा फुटवा येतो.